पडल्यानंतरचा फेरा

कॉलेजच्या राज्यशास्त्र विभागाबाहेर एक हिरवा फळा होता. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचं लिहिलेलं, 'विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त साधने'. खाली खडूने यादी. ग्रंथालयातलं मधलं कपाट, म्हणजे ज्याची किल्ली सापडते ते. नगरपालिकेच्या सभागृहातली प्रेक्षकांची गॅलरी. जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांची फाईल. जगाचा नकाशा, त्यातले काही देश आता शिल्लक नाहीत याची नोंद घ्यावी. आणि अगदी तळाशी, 'पडेलकाका, चष्म्याचं दुकान, पोस्टासमोर. दुपारी जाऊ नये, झोपतात.'

दुसरा कुणी असता तर चिडला असता. जुनाट नकाशाच्या खाली आपलं नाव, तेही साधन म्हणून. पण काकांची छाती या फळ्यावरून जाता-येता फुगायची. काही काम नसताना ते कॉलेजवरून चक्कर मारायचे आणि खडू पुसट झाला असला तर शिपायाकडून मागून स्वतः गिरवायचे. झोपेची ओळसुद्धा गिरवायचे, कारण ती महत्त्वाची होती.

आता हे साधन कसलं, ते सांगायला हवं. काका नगरपालिकेच्या प्रत्येक निवडणुकीला अपक्ष उभे राहायचे आणि पडायचे. किती वेळा, ते त्यांना विचारायचं नाही. गाव त्यांना पडेलकाका म्हणायचं, तोंडावर म्हणायचं, आणि ते 'ओ' द्यायचे. राज्यशास्त्राचे जुने सर तर सरळ म्हणायचे, "प्राणिशास्त्रवाल्यांना बेडूक मिळतो, आपल्याला हे मिळालेत." काका त्यावर सगळ्यात मोठ्याने हसायचे. वर्षातून एकदा सर त्यांचं व्याख्यान ठेवायचे. विषय ठरलेला, 'मी का पडलो'. टेबलावर पाण्याचा पेला, पेल्यावर झाकणी, मागे फळ्यावर रंगीत खडूने स्वागत. काका लग्नातला कोट घालून जायचे. कोटाची बटणं पोटापुढे कधीच हरली होती.

व्याख्यानात ज्ञान असायचं असं समजू नका. काकांचे सगळे सिद्धांत साफ चुकीचे असत. एकदा त्यांनी ठरवलं की माणूस शेवटी ज्याचा चेहरा पाहतो त्याला मत देतो. म्हणून मतदानाच्या दिवशी ते केंद्राच्या दारासमोर सकाळपासून हसत उभे राहिले, शेवटी पोलिसाने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. एका निवडणुकीत त्यांना शिडी चिन्ह मिळालं. गल्लीतले लोक येऊन विचारायला लागले, शिडी आहे का, जरा बल्ब बदलायचाय. आता चिन्ह शिडी आणि घरात शिडी नाही, हे बरं दिसत नाही, म्हणून काकांनी खरी शिडी आणली आणि वापरायला दिली. काका पडले. शिडी अजून परत यायची आहे.

मग पोरं ऐकायची कशाला? फेऱ्यासाठी.

निकाल लागला की जिंकलेला माणूस गुलाल उधळत, ढोल वाजवत एकदा वॉर्डातून फिरतो आणि नंतर थेट पुढच्या निवडणुकीला उगवतो. आमचे काका निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे, एकेका दारावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "नमस्कार, मी पडलो. का पडलो ते विचारायला आलोय." जगात दुसऱ्या कुणी हा उद्योग केला असेल असं वाटत नाही. समोरचा गांगरायचा. गांगरला की म्हणायचा, "आम्ही तर तुम्हालाच दिलं हो, काका."

सगळे हेच म्हणायचे. सगळे खरं बोलत असते तर काका एव्हाना नगराध्यक्ष होऊन बदनामही झाले असते. पण आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरलेला माणूस तो. खोटं बोलणारा दाराच्या चौकटीकडे बघतो, वरच्या कोपऱ्यात, जणू तिथे पाल आहे. फेऱ्यात सोबत येणाऱ्या पोरांना काका हे पहिल्या दिवशी शिकवायचे. चौकटीकडे बघितलं की दिलं नाही. पोरं खुश व्हायची, एवढी सोपी परीक्षा त्यांना कॉलेजात कुणी दिली नव्हती.

आणि खोटं बोलून झालं की माणसाला जरा ओशाळल्यासारखं होतं. मग तो विषय बदलायला काहीतरी गाऱ्हाणं काढतो. आमच्या नळाला पाणी कमी येतं. कोपऱ्यावरचा दिवा गेलाय. आईची पेन्शन अडकली आहे. काका ऐकून घ्यायचे, तिथून नगरपालिकेत जायचे आणि कारकुनाच्या डोक्यावर बसायचे. आरडाओरडा, धरणं, रोज सकाळी 'काय झालं माझ्या दिव्याचं?' कारकून कंटाळून काम करून टाकायचा. मग काका पुढच्या दारावर. असं करत वॉर्ड संपेपर्यंत पुढची निवडणूक यायची आणि ते पुन्हा पडायला मोकळे.

एक सल मात्र होती. दर वेळी मूठभर मतं पडायची. ती कुणाची, हे काकांना कधी कळलं नाही. "सगळेच म्हणतात आमची," ते जुन्या सरांना म्हणायचे. "एक, फक्त एक माणूस मला माहीत असावा हो, ज्याने खरंच दिलं. त्याला मी फुकट चष्मा करून देईन." घरच्या माणसाचं तर बोलायलाच नको. काकू समोरच्याच पोस्टात काउंटरवर होत्या. दिवसभर लोकांवर तिकिटं चिकटवल्यासारखं बोलायच्या आणि संध्याकाळी घरी आल्यावरही तो सूर जायचा नाही. मतदान झालं की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणायच्या, "मी काही तुम्हाला दिलेलं नाही, उगाच आशेवर राहू नका. पडणाऱ्याला कशाला वाया घालवायचं मत?" घड्याळ कायम पुढे धावायचं, त्यामुळे त्यांना सारखं बघावं लागायचं. काका म्हणायचे, "लोकशाही आहे, तुझा हक्क आहे," आणि कूस बदलून झोपायचे. पण लागायचं त्यांना, न लागायला काय झालं.

मग जुने सर निवृत्त झाले आणि नव्या विभागप्रमुख मॅडम आल्या. हुशार बाई, तरतरीत बाई, आल्या आल्या त्यांनी फळा ओल्या फडक्याने पुसला. त्या जागी काचेमागे छापील कागद आला. कुठल्या संकेतस्थळावर सरकारी आकडेवारी मिळते, कुठला ऑनलाइन अभ्यासक्रम करावा, अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण कुठे दिसतं. सगळं उपयोगाचं होतं, खोटं कशाला बोला. फक्त नकाशा गेला, आणि काका गेले.

काका कोट घालून त्यांना भेटायला गेले.

"मॅडम, माझं व्याख्यान असतं."

"हो, ऐकलंय मी," मॅडम म्हणाल्या. "पण आता अभ्यासक्रमात 'लोकप्रतिनिधींशी संवाद' असा भाग आहे. लोकप्रतिनिधी म्हणजे निवडून आलेला. तुम्ही बसत नाही त्यात."

"आणि फळ्यावर?"

"ती साधनांची यादी आहे, काका. तुम्ही माणूस आहात."

माणूस असल्याचा इतका राग काकांना आयुष्यात आला नव्हता. ते हलेनात, तेव्हा विषय मिटवायला मॅडम हसून म्हणाल्या, "असं करा, या वेळी निवडून या. पहिलं आमंत्रण तुम्हाला." आपण माणसाला दाराकडे वळवायला असं काहीबाही बोलतो. पण काकांनी ते आमंत्रण समजून खिशात घातलं.

त्या वर्षी काका जिंकायला उभे राहिले. इतकी वर्षं ते नुसतेच उभे राहायचे, यातला फरक लक्षात घ्या. जिंकणारे जे जे करतात ते सगळं त्यांनी करायला घेतलं. मिशी काळी केली. पांढरे शुभ्र कपडे शिवले. रिक्षावर भोंगा लावला आणि मागे बसून हात जोडत फिरायला लागले, चेहऱ्यावर ते गुळगुळीत हसू, जे त्यांना अजिबात शोभत नव्हतं. दुकानाला कुलूप. काकू पोस्टाच्या खिडकीतून हे बघायच्या आणि पाकिटावर शिक्का जरा जास्तच जोरात मारायच्या.

रिक्षामागून कुणी हाक मारली, काका, गटाराचं झाकण फुटलंय, पोर पडेल एखादं, तर काका हात जोडून म्हणायचे, "निवडून आल्यावर बघू." हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडी शंभरदा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी शिव्या घातल्या होत्या. आता ते त्यांच्याच तोंडून इतकं सफाईने यायला लागलं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

काका पडले. नुसते पडले नाहीत, सपशेल आपटले. इतकी कमी मतं त्यांना शिडीच्या वेळीसुद्धा नव्हती. बांधकामाचा धंदा करणारा एक गडी निवडून आला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं इतकंच की त्याचे फलक मोठे होते.

दुसऱ्या दिवशी काका फेऱ्याला निघाले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. दुकान उघडून बसायचे, काडी मोडलेले चष्मे समोर पडलेले, आणि भिंतीवरच्या तपासणीच्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचत राहायचे. मिशीचा रंग उतरून अर्धी काळी, अर्धी पांढरी झाली होती. काकू जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायच्या, समोर ठेवायच्या आणि जायच्या. एकदा एवढंच म्हणाल्या, "फेरा राहिलाय तुमचा."

"कुणाला पडलंय?" काका म्हणाले.

इकडे कॉलेजात लोकप्रतिनिधींशी संवादाचा दिवस उजाडला. हॉल भरला, पाण्याचा पेला आला, झाकणी आली, पुष्पगुच्छ आला. फक्त लोकप्रतिनिधी आला नाही. मॅडमनी फोन लावला तर कुणीतरी म्हणालं, साहेब मीटिंगमध्ये आहेत, कळवतो. पोरं चुळबुळायला लागली. गुच्छ मान टाकायला लागला. तेव्हा शेवटच्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे प्रश्नावली म्हणायचे, कारण आईने 'जेवण कसं होतं' विचारलं तरी ती उत्तराला चार पर्याय मागायची. तिचा प्रकल्पच होता, 'अपक्ष उमेदवाराला मत का मिळत नाही'. ती म्हणाली, "मॅडम, संवाद करायचाच आहे ना? पडेलकाकांच्या दुकानात जाऊ. ते नक्की असतात. फक्त दुपारच्या आत जायला हवं."

मॅडमनी घड्याळ बघितलं, रिकामी खुर्ची बघितली आणि पर्स उचलली.

दुकानासमोर अख्खा वर्ग उभा राहिला तेव्हा काकांना वाटलं, डोळे तपासायला आलेत. प्रश्नावलीने कागद पुढे केला. "काका, फेरा नाही तर माझा प्रकल्प नाही. चला."

"मी आता बंद केलं ते, बाळा."

"बंद करा, पण माझी परीक्षा झाल्यावर."

काकांनी दुकान ओढून घेतलं आणि चपला घातल्या.

पहिलं दार शिंप्याचं. "नमस्कार, मी पडलो," काका म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. शिंप्याने एवढी गर्दी बघून टेप गळ्यातून काढला, परत घातला. "काका, आम्ही तर तुम्हालाच..." आणि त्याची नजर चौकटीकडे गेली. तशा अख्ख्या वर्गाच्या माना एकदम हलल्या आणि पेनं एकदम चालली. शिंपी घाबरला. "काय लिहिताय? काय लिहिताय रे?" मॅडमना हसू आवरेना, त्यांनी रुमाल तोंडाला लावला. पुढच्या दारी तेच, त्याच्या पुढच्या दारी तेच. वॉर्डातल्या चौकटींकडे इतकं कुणी कधी बघितलं नसेल.

मग ऊन उतरल्यावर गल्लीच्या वळणावर निवृत्त नर्सबाईंचं घर आलं. नर्सबाईंनी अर्ध्या वॉर्डाला सुया टोचलेल्या, त्यामुळे त्या कुणाची भीडभाड ठेवत नसत. काकांचं "नमस्कार" पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "नाही दिलं तुला."

नर्सबाई काकांच्या डोळ्यांत बघत होत्या, चष्म्यातून, काकांनीच केलेल्या.

"कधीच दिलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या सुनेलाही देऊ दिलं नाही."

"का पण?" काका म्हणाले. "माझं काही चुकलं का, बाई?"

"अरे, पडलास की तू येतोस. माझी पेन्शन कुणी सोडवली? हा समोरचा दिवा कुणी लावून घेतला? निवडून आलेला आजवर एक तरी आला का या दारात? तू निवडून आलास तर मग आम्ही कुणाकडे जायचं? म्हणून आपला तू पडलेलाच बरा. या वेळी मात्र मन डळमळत होतं माझं. म्हातारा झालास, एकदा जिंकू द्यावं म्हटलं. तेवढ्यात तू रिक्षातून काय म्हणालास मला? गटाराच्या झाकणाचं बोलले तर?"

काकांना आठवलं. त्यांनी खाली बघितलं.

"'निवडून आल्यावर बघू'," नर्सबाई म्हणाल्या. "तेव्हाच म्हटलं, याला हरवलं पाहिजे, नाहीतर हातचा जाईल. सगळ्या गल्लीला सांगितलं मी. आता आलायस, तर ते झाकण बघ. आणि या बाई कोण? प्राध्यापक? मग तुम्ही लिहून घ्या, तुमचं अक्षर चांगलं असेल." मॅडमनी निमूटपणे पर्समधून पेन काढलं आणि गटाराच्या झाकणाचा ठावठिकाणा लिहून घेतला.

तिथून निघाल्यावर काका पुढे चालत होते. पोरं कुजबुजत होती, कुणी म्हणत होतं हा तर सन्मान झाला, कुणी म्हणत होतं ही शुद्ध फसवणूक आहे, मतदारांनी मिळून एका माणसाला फुकट राबवलंय. मॅडम काकांच्या बाजूने चालत म्हणाल्या, "काका, फळ्यावर नाव परत लिहिते मी. काचेवरच लिहिते. झोपेची ओळही ठेवू."

याच एका गोष्टीसाठी काकांनी मिशी काळी केली होती. आता ती मिळाली तर त्यांना ऐकूही गेली नाही. म्हणजे इतकी वर्षं, एवढ्या दारांमागे, एकाही माणसाला मी जिंकायला हवा नव्हतो. त्यांच्या डोक्यात एवढंच फिरत होतं.

"झालं ना, बाळा?" ते प्रश्नावलीला म्हणाले. "मी घरी जातो."

तिने कागद चाळला. "एक घर राहिलंय, काका. नमुना पूर्ण हवा."

"कुठलं?"

"तुमचंच."

फेऱ्यात काका आपल्या घरावर कधी थाप मारत नसत. का मारतील? तिथलं उत्तर पाठ होतं. पण पोरगी हटेना, आणि वर्ग मागे उभा. शेवटी त्यांनी सवयीने कोटाच्या बटणाकडे हात नेला, कोट अंगात नव्हताच, मग सदरा खाली ओढला आणि स्वतःच्या दारावर थाप मारली. काकू नुकत्याच कामावरून आल्या होत्या, बोटांना अजून शिक्क्याची शाई होती.

"नमस्कार," काका म्हणाले. "मी पडलो. का पडलो ते विचारायला आलोय." आणि मग, गर्दीचं भान सोडून, अगदी हळू, "तू तरी सांग. तुलाही मी नकोच होतो ना?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं, अर्ध्या काळ्या मिशीकडे बघितलं. मागे भिंतीवर घड्याळ होतं, चौकट डोक्यावर होती. त्यांनी कुठेच बघितलं नाही.

"मी तुम्हालाच देते," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून. या वेळीपण दिलं, तो भोंगा लावलात तरी."

कुणाचंच पेन हललं नाही. काकांचं तोंड उघडं राहिलं.

"मग घरात उलटं का सांगत आलीस?"

"अहो, सगळा गाव तुम्हाला म्हणतो तुम्हालाच दिलं, तुम्हालाच दिलं. आणि तुम्ही येऊन मला सांगता, सगळे खोटारडे आहेत. मी पण तेच म्हटलं असतं तर मला त्यांच्यातच धरलं असतंत." काकूंनी शाईची बोटं पदराला पुसली. "नाही दिलं म्हटलं की निदान रागावून का होईना, माझ्यावर विश्वास ठेवायचात."

काका उंबऱ्यातच बसले. सदऱ्याच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले. दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या माणसाला स्वतःचे पुसताना बघून पोरांनी आपापल्या कागदात डोकं घातलं.

प्रश्नावली मात्र कागद उलटसुलट करत होती. न दिलेल्या मताची कारणं लिहायला तिने भरपूर जागा ठेवली होती. दिलेल्याची जागाच नव्हती.

"काकू," ती म्हणाली, "का दिलं, असं लिहू?"

"लिही, ते पडतात ना, म्हणून," काकू म्हणाल्या, आणि नवऱ्याला उठवायला हात पुढे केला. "आता उठा. नर्सबाई पोस्टात येऊन मलाही झाकणाचं सांगून गेल्यात, कारकून जायच्या आत नगरपालिकेत पोहोचायचंय."